शून्य मीटरचा खुंटा : अर्जुनीकडचे पाच दिवस

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्याहून रात्री निघते आणि गोंदिया यायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते. नागपुरात समोरच्या बाकावर एक काका येऊन बसले. माझी बॅग अर्धी उघडी होती. आत फायबरच्या दोन टेपा, प्रत्येकी पन्नास मीटरची, पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट, दोरीला बांधलेला लोखंडी नट आणि प्लास्टिकच्या पाट्या. काकांनी ते सगळं नीट न्याहाळलं आणि विचारलं, "मोजणी खात्यात आहात का मॅडम? आमच्या धुऱ्याचं भांडण आहे दोन वर्षांपासून."

मी म्हटलं, मोजणीच करते, पण समुद्राखाली. पुढची वीस मिनिटं त्यांनी खिडकीबाहेर पाहण्यात घालवली.

व्यवसायानं मी हिशेबनीस. पाण्याखाली जायला शिकले तारकर्लीला, चाळिशीच्या उंबरठ्यावर. एकदा मालवणच्या किल्ल्यामागे खडकाला चिकटलेलं जिवंत पोवळं पाहिलं आणि नुसतं पाहून यायचं समाधान संपलं. मग प्रवाळांच्या पाहणीचं प्रशिक्षण घेतलं. दर वर्षी एक-दोनदा स्वयंसेवक म्हणून जाते. शास्त्रज्ञ मोजके आणि समुद्र अफाट, म्हणून साध्या पाणबुड्यांना मोजायला शिकवायची ही रीत निघाली. रीफ चेक या संस्थेनं तशी पहिली जगभरची पाहणी १९९७ साली केली. तीच पद्धत थोड्याफार फरकानं आम्ही वापरतो.

ऐकायला साहसी वाटतं, पण काम पतपेढीच्या कारकुनाचं. शंभर मीटरची टेप प्रवाळावरून एकाच खोलीवर अंथरायची. तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. टेप अंथरली की पंधरा मिनिटं बाजूला थांबायचं, कारण आपल्याला पाहून मासे पळालेले असतात. ते परतले की आधी मासे मोजायचे, टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या पट्ट्यातलेच. सगळे मोजत नाहीत. ज्यांच्यावरून काही कळतं असे ठरावीक: फुलपाखरू मासे, पोपट मासे, हेकरू, तांब. मग शंख, समुद्री काकड्या, साळूसारखे काटे असलेले अर्चिन. शेवटी तळ. दर अर्ध्या मीटरला नट सोडायचा आणि तो ज्यावर टेकेल ते पाटीवर लिहायचं: जिवंत कठीण पोवळं, मऊ पोवळं, खडक, वाळू, मोडकातोडका चुरा. एका तुकड्यात चाळीस वेळा, चार तुकड्यांत एकशे साठ. नटाच्या बोटभर शेजारी कितीही देखणं पोवळं असलं तरी ते लिहायचं नाही. नट वाळूवर पडला तर वाळू. नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं.

यादीत आणखी एक रकाना आहे, ‘नुकतंच मेलेलं पोवळं’. म्हणजे वर्षभराच्या आत मेलेलं, अजून आकार शाबूत असलेलं. गेल्या नोव्हेंबरात लक्षद्वीपच्या कडमत बेटाशी गेलो तेव्हा पेन्सिल याच रकान्यात अडकून राहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं होतं. जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची ती चौथी लाट. त्याआधी १९९८, २०१० आणि मग २०१४ ते १७. वर आल्यावर होडीत कोणी बोललं नाही. परतीच्या जहाजावर मी ठरवलं, पुरे झालं. मेलेल्यांची मोजदाद करायला सुट्ट्या कशाला घालवायच्या?

मामांना फोनवर हे सांगितलं, तर ते म्हणाले, "इकडे ये मंग. शाळेत पोरांना सांग ते सप्पा. अन् आपला तलाव पाहा."

मामा निवृत्त गुरुजी. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर शाळा हाच इलाज असतो. गोंदियाला भाचा गाडी घेऊन आला होता. कोहमाऱ्यानंतर जंगल लागलं, मग धानाच्या कापलेल्या बांध्या, आणि अंधारात मध्येच एकेका तलावाचा वास. आईच्या माहेरचा रस्ता मला डोळे मिटूनही कळतो तो या वासामुळे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सकाळची शाळा. मामांनी फळ्यावर सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘आजच्या पाहुण्या : पाणबुडी ताई’. त्यानं घोटाळा केला.

मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "ताई, तुमी आतापर्यंत किती मुडदे काढले?"

वर्ग हसला नाही. सगळ्यांना तेच विचारायचं होतं. या तलावांच्या मुलखात पाणबुड्या म्हणजे बुडालेल्याला बाहेर काढणारा. विसर्जनाला कोणी गेलं, म्हशीमागे पोरगं गेलं की पोलीस ढिवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, निरोप पाठवतात. मी सांगितलं, माणूस एकही नाही. पोवळी मात्र बरीच पाहिली मेलेली.

"पोवळं त खडा राहाते ना जी? मंगळाचा?"

मामांच्याच बोटात होता. त्यांनी अंगठी काढून दिली आणि ती बाकांवरून फिरली. तो लाल खडा बहुधा भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याचा, आणि त्याची जात निराळी. ते बेटं बांधत नाही. मी सांगणार होते ते उथळ, उन्हाच्या पाण्यातलं पोवळं. दगडासारखं दिसतं, पण अंगभर तांदळाच्या दाण्याएवढे हजारो जीव. प्रत्येकाच्या कातडीत सूक्ष्म शेवाळ राहतं. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, मोठा वाटा मालकाला देतं आणि बदल्यात राहायला जागा मिळवतं.

"बटईची शेती," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

यापेक्षा चांगलं मला पंधरा वर्षांत सुचलं नव्हतं. मग गोष्ट तिच्याच शब्दांत पुढे गेली. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळ बिघडतं, विषारी द्रव्यं सोडू लागतं. मालक त्याला हाकलून देतो. रंग त्या शेवाळाचा असतो, म्हणून पोवळं पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नाही, उपाशी. पाणी लवकर निवलं तर नवा बटईदार येतो. नाही निवलं तर मालक मरतो आणि त्याच्या हाडांवर भलतंच शेवाळ चढतं.

हे पाण्याखाली कसं ओळखायचं यासाठी माझ्याकडे हाताएवढं एक पत्रक आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मंडळींनी २००२ मध्ये काढलेलं. कडेला रंगांचे चौकोन, फिकट ते गडद, एक ते सहा. पोवळ्याशेजारी धरायचं, सगळ्यात फिका भाग कुठल्या चौकोनाशी जुळतो ते लिहायचं, मग सगळ्यात गडद. असं वीसेक पोवळ्यांचं. खोल पाण्यात लाल रंग आधी उडतो आणि सगळंच निळसर दिसतं, म्हणून डोळ्यावर भरवसा न ठेवता रंग शेजारी ठेवून पाहायचा. पोरांनी ते पत्रक एकमेकांच्या हाताला लावून पाहिलं. एकीनं मामांच्या टकलाचा नंबर काढला.

"तुकडा आणला नाही का?" आणता येत नाही. कठीण पोवळी २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे नागझिऱ्याच्या वाघाच्या पंगतीला. वाघाचं नाव ऐकल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर पोवळ्याची किंमत चढलेली दिसली.

मग आम्ही पटांगणात समुद्र मांडला. वीस मीटर टेप, तिच्या आजूबाजूला पोरांनी मिळेल ते टाकलं: पळसाची पानं, तणसाची पेंढी, विटांचे तुकडे, चपला, एका उत्साही गड्यानं शेणाची गोवरी. पान म्हणजे जिवंत पोवळं, वीट म्हणजे खडक, गोवरी म्हणजे काय यावर दहा मिनिटं वाद होऊन ती ‘इतर’ मध्ये गेली. दोघं मोजणारे, दर अर्ध्या मीटरला नट सोडणारे. पहिल्या जोडीला चाळीसपैकी सतरा पानं मिळाली. दुसरी जोडी त्याच टेपवरून गेली आणि तिला बारा.

पोरं एकमेकांवर ओरडली. वाऱ्यानं पानं उडाली होती, हे एक. दुसरी जोडी नट सोडताना पानाकडे झुकू नये म्हणून जरा जास्तच प्रामाणिकपणे वीट शोधत होती, हे दुसरं. बटईवाल्या मुलीनं विचारलं, "मंग खरं कोनाचं?"

मी सांगितलं की म्हणूनच पाहणीच्या आधी आम्ही दोन-दोन दिवस एकमेकांशी डोळे जुळवतो. तीच ओळ दोघांनी मोजायची, आकडे ताडून पाहायचे, फरक फार आला तर पुन्हा पाण्यात. उत्तर बरोबर होतं. पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही पूर्ण होत नाही.

दुपारी मामींनी मरळ केली होती. त्यानंतर कोणाकडूनही कामाची अपेक्षा ठेवू नये.

रविवार, ९ फेब्रुवारी

इकडच्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. लहानपणी मला ते सगळे आमच्या मामांचे वाटायचे. खरं तर माजी मालगुजारी तलाव, त्याचं झालं मामा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी उतार पाहून मातीच्या पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसवले, धान पिकवलं. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ काढायचा कोणी हा प्रश्न तेव्हापासून पाळीवर बसलेला आहे. मासे मात्र ढिवरांचे. त्यांच्या सोसायट्या तलाव ठेक्यानं घेतात.

मामांच्या गावच्या सोसायटीतल्या बाया गेली काही वर्षं एक निराळं काम करतात. तलावात बेशरम नावाचं झुडूप माजलं होतं. त्यानं कडेचा सगळा उथळ भाग गिळला आणि पाण्यातल्या मूळच्या वनस्पती गेल्या. त्या गेल्या तसे गावठी मासे गेले, कारण अंडी घालायला आणि पिल्लं लपवायला आडोसा उरला नाही. मग उन्हाळ्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या तलावातून आणलेल्या वनस्पती चिखलात रोवायच्या. भंडारा-गोंदियातल्या बऱ्याच गावांत ढिवर समाजानं हे केलं आहे. म्हणजे मी ज्याला प्रवाळ म्हणते ते यांच्याकडे पाणवनस्पती. घर ते. मासे भाडेकरू.

मी थाटात उतरले. पाळीशी एक लोखंडी सळई ठोकली, तिला टेपचं शून्य अडकवलं, तोंडाला मास्क लावला आणि छातीभर पाण्यात डोकं घातलं. दिसलं काय? हिरवं. हात लांब केला तर पंजा दिसेना. पाय हलला की तळचा गाळ धुरासारखा वर येई आणि मग हिरवंही दिसत नसे. कडमतला वीस मीटरवरचा मासा ओळखणारी मी, इथे स्वतःच्या टेपवरचा आकडा वाचू शकत नव्हते.

काठावर सोसायटीच्या मावशी कंबरेला पदर खोचून उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी माझी तडफड पाहिली, मग तशाच लुगड्यानिशी आत आल्या.

"डोरे कायले लावता? पाय लावा."

त्यांनी माझी चौकट पाण्यात तळाला टेकवली आणि आत पाय घातला. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात काहीतरी पकडून हळूच वर ओढलं. हाताशी आणायच्या आधी नाव सांगितलं. फितीसारखी लांब, गुळगुळीत, ती एक. कांडीकांडीवर पानांचं वलय, दाबलं की कुडकन मोडणारी, ती हायड्रिला, एवढी मीही ओळखली. तिच्यासारखीच पण काट्यासारखी खरखरीत, पान टोकाला दुभंगलेली, ती निराळी. एक चुरचुरीत, अंगावर चुन्याची पूड असल्यासारखी, तिला लसणासारखा उग्र वास. पुस्तकात ती कारा, आणि ती मुळात झाड नाहीच, शेवाळ. मावशींनी प्रत्येकीचं सांगितलेलं नाव मी कानाला आलं तसं पाटीवर उतरवलं आणि पुढे स्पर्श लिहिला. पाहणीच्या तक्त्यात मी ‘स्पर्श’ असा रकाना पहिल्यांदाच आखला.

दहा चौकटी झाल्या. मला एकूण सहा जाती सापडल्या, मावशींना अकरा. काठावर येऊन ढीग मांडला तेव्हा त्यांचे अकरा बरोबर निघाले. मी ज्या एकीला एक समजत होते त्या तीन होत्या.

"ही नवीन आहे का, आधीपासूनची?" मी एका जुडीकडे बोट दाखवलं.

"आमीच लावली. दोन वर्षं झाले. पयल्या वर्षी मेली सप्पा."

"मग?"

"मंग पुन्हा लावली."

दुपारी पाळीवरच्या मोहाखाली आबाजी भेटले. ऐंशीच्या घरातले असतील. गावात पाणबुड्या म्हणतात तो हा माणूस. मी मुलांना जे काही सांगितलं ते त्यांच्या नातवानं घरी जाऊन सांगितलं होतं, आणि सिलिंडरचं त्यांना नवल वाटलं. दोनशे बार दाबानं भरलेली हवा घेऊन खाली जायचं आणि पन्नास उरली की वर यायला लागायचं, तासाभराचा खेळ. "तासभर?" ते म्हणाले. "मले त एका दमात पाहावं लागे."

कसं पाहायचे, ते मी विचारलं. त्यांनी काडीनं मातीत काढून दाखवलं. माणूस जिथे गेला म्हणतात तिथे तळात बांबू रोवायचा. बांबूला दोर. दोर पकडून खाली जायचं आणि बांबूभोवती फिरत हातानं तळ चाचपायचा. सापडलं नाही तर वर येऊन दम घ्यायचा, दोर एक हात सोडायचा, पुन्हा मोठी फेरी. आमच्या पुस्तकात हाच वर्तुळाकार शोध, आकृतीसह. त्यांनी कोणाकडून शिकला? बापाकडून.

"डोरे बंद ठेवाचे. उघडले त घाबराट होते. अन् बांबू हलला नाही पायजे. बांबू हलला त कुठं पायलं अन् कुठं नाही, काईच समजत नाही."

हे बोलताना ते मोजणीबद्दल बोलत नव्हते. एका मुलीला काढलं होतं, तीन फेऱ्यांनंतर, ते सांगत होते. मी पाटी बाजूला ठेवली.

जाताना त्यांनी विचारलं, "मोजलं त वाढते का जी ते?"

मोजल्यानं वाढत नाही. मी तेच सांगितलं. पण मग सुटेना म्हणून लक्षद्वीपचं सांगितलं. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथे अभ्यासकांनी १९९८ पासून २०२२ पर्यंत त्याच जागा पुन्हा पुन्हा पाहिल्या. आधी जिवंत पोवळं साधारण सदतीस टक्के होतं, चोवीस वर्षांनी एकोणीसच्या आसपास. कोणी एकदाच जाऊन आलं असतं तर एकोणीसच पाहिले असते आणि वाटलं असतं, वा, किती छान आहे. आणखी एक गोष्ट त्या नोंदींतून कळली. दर लाटेत मरणं थोडं कमी झालं, पण भरून यायचं प्रमाणही घटलं. शेवटच्या मोठ्या तडाख्यानंतर सहा वर्षं शांत गेली तरच पोवळं सावरायला लागतं.

"सा वर्षं भेटत नाही मंग त्याले," आबाजी म्हणाले.

२०१६ नंतर आठ वर्षं मिळाली होती. मग २०२४ आलं.

रात्री शेजारच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं. भाचा ओढून घेऊन गेला. पहाटे साडेचारला संपलं. नायिका दोन अंकांत तीनदा रडली आणि तिन्ही वेळा मीही.

सोमवार, १० फेब्रुवारी

उरलेल्या दहा चौकटी करायला तलावावर गेलो तर सळई नाही.

टेपही तिथेच सोडली होती, ती मात्र गुंडाळून मोहाच्या फांदीवर टांगलेली. सळई नेणारा सज्जन होता. भाच्यानं तासाभरात छडा लावला. मोहल्ल्याच्या टोकाला एक बकरी तिला बांधलेली होती. मालक शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गेलेला, बकरी तिच्याभोवती गोल फिरून चरत होती, आबाजींच्या पहिल्या फेरीएवढं वर्तुळ.

मला राग आला आणि लगेच आठवलं की समुद्रात तरी काय वेगळं होतं. कायमच्या जागांवर आम्ही सळया ठोकतो. त्या गंजतात, वादळात वाकतात, कोणाच्या नांगराला अडकून जातात, कधी पोवळंच चढून त्यांना गिळतं. मग पुढल्या वर्षी अर्धं सिलिंडर सळई शोधण्यात. ज्यांना ठरलेल्या ओळीवर न जाता मोठा पट्टा पाहायचा असतो ते वेगळं करतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर होडीमागे फळी बांधून पाणबुड्याला ओढत नेतात, दोन मिनिटं ओढायचं, थांबायचं, दिसलं ते लिहायचं, पुन्हा दोन मिनिटं. १९८० च्या दशकापासून चालू आहे ते. पण तिथे पाणी स्वच्छ आहे. या तलावात मला फळीवरून ओढलं असतं तर फक्त बेशरम हाती आली असती.

आबाजींना कळलं तेव्हा ते हसले. दात कमी, हसू मोठं. "खुंटा त जानारच. खुंट्यावर कोन भरवसा ठेवते?"

त्यांनी मला पाण्यात उभं केलं आणि स्वतः काठावरून हातवारे केले. उजवीकडे. आणखी. हां. इथून मोहाचं बुड आणि त्यामागं मारुतीच्या देवळाचा कळस एका रेषेत. आता मागे या. तुडुमाचा खांब आणि पलीकडच्या पहाडीची खाच एका रेषेत. दोन रेषा जिथे कापतात तिथे तुमचं शून्य. त्यांचे वाम पकडायचे फासे ते असेच लावत आले आहेत.

हे मी आधी ऐकलं होतं. मालवणचे तांडेल किल्ल्याचा बुरूज आणि डोंगरावरचं झाड जुळवून समुद्रातला खडक गाठतात, जीपीएस यायच्या कितीतरी आधीपासून. आठशेच्या वर किलोमीटर दूर, समुद्र कधी न पाहिलेला म्हातारा तीच गोष्ट सांगत होता. मी पाटीवर नकाशा काढला आणि सळईचं नाव खोडलं.

दुपारी भाच्याबरोबर नवेगावबांधला जाऊन आले. सातबहिणींच्या डोंगरांमध्ये तो तलाव, कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. शे-दीडशे बदकं पाण्यावर होती, दूर. वन खात्याच्या फलकांवर वाघ, बिबट, अस्वल यांची चित्रं आहेत. पाण्याखाली काय आहे याचा एकही फलक नाही. चहा पिऊन परत आलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

समुद्रावरून परतताना शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसू नये असा नियम आहे, रक्तातला नायट्रोजन निघून जायला हवा म्हणून. छातीभर पाण्यातून आलेल्यांना रेल्वे लगेच चालते. तरी सकाळी निघायच्या आधी सोसायटीच्या खोलीत गेले, तक्ता द्यायला.

वीस चौकटी, अकरा जाती, पाण्याची खोली, कुठे बेशरम पुन्हा फुटली आहे. खाली आबाजींच्या दोन रेषांचा नकाशा. समुद्रावरचे आमचे तक्ते संगणकात जातात आणि वर्षभरानं कुठल्याशा अहवालात एक ठिपका होऊन परत येतात. हा मावशींनी वाचला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सातवी चौकट चुकली. तिथं दोन होत्या, तुमी तीन लिवल्या." मी खोडून दोन केलं. बटईवाली मुलगी दारात उभी होती. तिनं विचारलं नाही, पण मी सांगितलं, खरं मावशींचं.

मग भिंतीवर जाळ्यांशेजारी तो चिकटवायचं ठरलं. आबाजींनी वाचता येत नसूनही कागद हातात घेतला, पाठपोट पाहिला आणि म्हणाले की इकडे जागा कोरी कशाला सोडली? ती पुढच्या वर्षाची, मी म्हटलं. त्या रकान्यावर तारीख नव्हती. त्यांना ते चालेना. कधी, ते आत्ताच लिहा.

कॅलेंडर निघालं. या वर्षीच्या तारखेच्या जवळचा दिवस हवा, कारण पाणी तेवढंच पाहिजे. ९ फेब्रुवारी २०२६ सोमवार पडतो, मुलगी शाळेत. मामा म्हणाले, आठला रविवार आहे. मावशींनी विचारलं, त्या दिवशी लग्नं? बघू. मी पेन उघडून आठ लिहिली.

"थांबा," आबाजी म्हणाले. "त्या दिशी शंकरपट त नाही ना कुठं? पोट्टे येनार नाही मंग. अन् सळई आनू नोका."